सोजराबाईच्या दोन तारा

नांदुऱ्याच्या स्टेशनासमोर भाजीच्या ओळीत सोजराबाई बसायची. वांगी तिच्या स्वतःच्या मळ्यातली, मिरच्याही. हात मातीत असेपर्यंत बाई बरी असायची. पण एकदा टोपली मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसली, की काळजीला सुरुवात. काळजी करायला आधी काही घडावं लागतं, असं तिला कधी वाटलंच नाही. पॅसेंजर वेळेवर आली तर कुणाचं तरी चढायचं राहिलं असणार, आणि उशिरा आली तर ती नक्कीच कुठेतरी रुळावरून उतरली असणार.

बाजार तिला हसायचा. हसणाऱ्यांना तिची हकिगत ठाऊक नव्हती असं नाही. तीन लेकरांतली दोन देवीच्या साथीत गेली. नवरा तापानं पडला तेव्हा 'उतरेल, उतरेल' म्हणत सगळे निवांत राहिले, आणि तो गेला. त्यानंतर बाईनं ठरवूनच टाकलं, की आपण निवांत राहायचं नाही. उरलेल्या एकट्या शालिग्रामला तिनं वांग्यामिरच्यांवर वाढवलं, शिकवलं, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून चिकटवलं आणि कोकिळेशी त्याचं लग्न लावून दिलं. सून गुणी मिळाली, पोराचा पगार वेळेवर यायला लागला. सगळं सुरळीत चाललंय हे बघून सोजराबाईची काळजी आणखीच वाढली.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करायला मुंबईहून एक इंजिनियर साहेब येत असत. ते आता नोकरीतून मोकळे झाले होते आणि जन्मभराची हौस म्हणून त्यांनी एक छोटी शिडाची होडी बांधून घेतली होती. एक डोलकाठी, दोन शिडं, दोघंतिघं झोपतील एवढी खोली, आणि वारा पडला तर उपयोगी पडावं म्हणून एक लहानसं इंजिन. दिवाळी झाली की मुंबईहून निघायचं आणि बंदरं बघत बघत गोवा, कारवारपर्यंत जायचं, असा त्यांचा बेत होता. बरोबर इंजिन सांभाळणारा आणि दोन भाकऱ्या थापणारा एक माणूस हवा होता. त्यांनी शालिग्रामला विचारलं. पूर्णेच्या पुरापेक्षा मोठं पाणी शालिग्रामनं पाहिलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तो चटकन हो म्हणाला.

"समुद्रात जाऊन राह्यला?" सोजराबाईनं विचारलं.

"समुद्रात नाई माय, किनाऱ्याकिनाऱ्यानं. जमीन दिसतच राह्यते."

हे ऐकून ती जराशी सैल झाली. किनाऱ्याकिनाऱ्यानं म्हणजे पाटाच्या कडेनं चालावं तसं, पाय घसरला तर हात टेकवून वर यायचं, असं काहीसं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं ज्वारीचं पीठ, वाळल्या मिरच्या आणि ठेच्याची बरणी बांधून दिली. पोरगं गाडीत बसलं.

मग कार्डं यायला लागली. कोकिळा चौथी शिकलेली, ती मोठ्यानं वाचायची. पहिलं कार्ड मुरुडचं. 'सकाळी जमिनीकडून वारा येतो, त्याला इथे मतलई म्हणतात. दुपारनंतर तो समुद्राकडून येतो. त्या दोघांच्या मर्जीनं आम्ही चालतो. होडी सरळ कधी चालतच नाही. वाऱ्यानं एका अंगाला कलते आणि तशी कललेलीच पळते. आम्ही वरच्या अंगाला बसतो. पिठाची परात मांडीत दाबून धरली तरच भाकरी होते.'

कोकिळेला हसू आलं. सोजराबाईला आलं नाही.

"कलते म्हंजे उलटते काय व?"

"नाई आत्याबाई, लिहिलं हाय ना, तशीच पळते म्हून."

"बैलगाडी कलली का उलटतेच," सोजराबाई म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही.

दाभोळच्या कार्डात तर पोरानं कहरच केला. जमीन दिसते, पण काळ्या दोऱ्यासारखी दिसते, असं त्यानं लिहिलं. गंमत म्हणून लिहिलं बिचाऱ्यानं. पुढचा मुक्काम जयगड, काही कळवायचं असेल तर तिथल्या पोस्टात माझ्या नावानं कळवा, असंही खाली होतं. तेवढं जयगड सोजराबाईनं पाठ करून टाकलं.

भाजीच्या ओळीसमोर किसनरावांची आडत होती. कापूस-धान्याचा व्यापार, गादी, तक्क्या, आणि गादीशेजारी रेडिओ. संध्याकाळच्या बातम्यांना बाजारातली चार माणसं पायरीवर येऊन बसत. त्यांत आता सोजराबाईची भर पडली. दिल्लीत काय झालं, चीनच्या सरहद्दीवर काय चाललंय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. शेवटी हवामान सांगायचे, तेवढ्यासाठी ती कान टवकारून असायची. समुद्र शांत आहे असं ऐकलं तर पदर सावरून उठायची, आणि उठता उठता 'सगळं कुठी सांगतेत थे लोकं' असं पुटपुटायची.

"सोजराबाई, आज दर्या कसा हाय?" लोक वांगी घेताना विचारू लागले. ज्या गावात कुणाच्या दारात होडी सोडा, वल्हंसुद्धा नव्हतं, त्या गावाला रत्नागिरीच्या वाऱ्याची खबर राहू लागली. पण हसता हसता पोरंटोरंही शालिग्रामचं कार्ड आलं का म्हणून चौकशी करायची. तेवढी माया गावात होती.

आणि एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, की अरबी समुद्रात वादळ तयार झालं असून ते किनाऱ्याकडे सरकतंय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. किसनरावांनी घाईनं बटन फिरवायला हात पुढे केला, पण बाईनं ऐकलं होतं. ती पायरीवरून उठून थेट गादीजवळ गेली.

"किसनराव, तार करा लागते."

"कायची तार? थे काय येडे हायेत काय, वादळात निंघाले? बंदरात बसले असतीन गुमान."

"नाई. थो साहेब हौशी हाय. हौशी माणसाचा भरोसा नाई. पोरगं भुईवर आलं पायजे."

"नुसतं 'ये' म्हणून थो येईन काय? नोकरी हाय त्याची."

सोजराबाईनं क्षणभरही विचार केला नाही. घरचं माणूस हमखास कसं बोलवायचं, हे नांदुऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. लग्नाला नाही म्हणणारी पोरं अशीच यायची, पलटणीतले शिपाई असेच रजा मिळवायचे. "माय आजारी हाय म्हून करा," ती म्हणाली.

किसनराव तिच्याकडे बघत राहिले. "अभद्र कायले बोलता, बाई?"

"माह्या जिवाचं मी पाहून घेईन. तुमी लिवा."

त्यांनी लिहिली. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. तारेत असंच लिहायची रीत होती. पोस्टात जाऊन तार स्वतःच्या डोळ्यांसमोर देववून सोजराबाई घरी आली. कोकिळेला काही बोलली नाही. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर भाकरी गेली आणि गाढ झोप लागली. पोरगं आता होडीतून उतरणार, कुठलीशी मोटार धरणार आणि घरी येणार. बाईच्या हिशोबात आता पाणी कुठेच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमननं जयगडचं कार्ड आणून टाकलं. तारेच्या कितीतरी आधी लिहिलेलं. कोकिळेनं अंगणातच वाचायला घेतलं.

'आम्ही जयगडच्या खाडीत आहोत. साहेबांनी आभाळ बघून सांगितलं की लक्षण बरं नाही, निवळेपर्यंत हलायचं नाही, मग आठवडा लागो. दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, आत पाणी विहिरीसारखं निवांत. इथून मोटारीची धड सोय नाही, कुणाला घाईनं जायचंच झालं तर रत्नागिरीपर्यंत होडीनंच जावं लागतं. पण आम्हाला कसली घाई? मी इंजिन साफ केलं आणि झोपा काढतो आहे. मायला सांग, आता तरी काळजी करू नको.'

"झालं ना आत्याबाई समाधान?" कोकिळा हसत म्हणाली.

सोजराबाई ओट्यावर बसली होती, ती उठेचना. तिच्या कानात एकच वाक्य अडकलं होतं. घाईनं जायचंच झालं तर होडीनंच जावं लागतं. पोरगं सुखरूप होतं, सुखरूप जागी होतं, आणि तिथून त्याला ओढून बाहेर काढलं ते तिनं. त्याला घाई नव्हती, ती तिनं पाठवली होती.  जन्मभर तिनं नाही नाही त्या गोष्टींची भीती बाळगली होती, पण ही भीती वेगळी होती. हिच्यात ती स्वतःच होती.

ती तशीच अनवाणी किसनरावांकडे गेली. त्यांनी कार्ड वाचलं आणि चपला घातल्या. दुसरी तार गेली. मदर ऑलराइट, डोन्ट कम. माय बरी आहे, येऊ नको.

"पोचन ना?" तिनं विचारलं.

"पोचन," किसनराव म्हणाले. पण कधी पोचेल ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी रेडिओनं रत्नागिरीच्या आसपास झाडं पडल्याचं, काही होड्यांचा पत्ता लागत नसल्याचं सांगितलं. पायरीवर कुणी हसलं नाही. पुढच्या संध्याकाळी तेच. नांदुऱ्यावर मात्र आभाळ स्वच्छ होतं, कापूस वेचणीला आला होता, बाया गाणी म्हणत शेतात जात होत्या. सोजराबाईला त्या उन्हाचा राग येई.

शेवटी तिच्यानं राहवलं नाही. चुलीपुढे बसलेल्या सुनेला तिनं सगळं सांगून टाकलं. पहिली तार, दुसरी तार, सगळं. कोकिळेच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, तरी तिनं उलटली नाही.

"मले काऊन नाई विचारलं?" एवढंच ती म्हणाली. "मी चौथी शिकली हावो. मी सांगतलं असतं, कार्डाची वाट पाहू म्हून."

त्यानंतर तिनं सासूशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. सोजराबाईला वाटे, हिनं भांडावं, शिव्या द्याव्यात, भिंतीवर डोकं आपटावं. तसलं काही झालं नाही. सोजराबाई रोज टोपली घेऊन स्टेशनासमोर जाऊन बसायची, कारण पोरगं यायचं असेल तर तिथूनच येणार होतं. प्रत्येक गाडीला उभी राहायची. भाजीचा भाव विचारला तर चुकीचा सांगायची. 'मले ने, त्याले ठेव,' असं देवाला म्हणायला ती तोंड उघडायची आणि पुन्हा मिटून घ्यायची. आधी एकदा असलंच अभद्र बोलून बघितलं होतं.

मग एका दुपारच्या पॅसेंजरनं शालिग्राम आला.

तो गेटातून बाहेर पडला तेव्हा तिनं त्याला आधी ओळखलंच नाही. डोकं गुळगुळीत भादरलेलं, मिशी नाही, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. गालावर खरचटल्याच्या खपल्या. तो रस्ता ओलांडून आला आणि भाजीच्या ओळीसमोरून, तिच्या टोपलीसमोरून सरळ चालत पुढे गेला. त्यानं मान वळवलीच नाही. त्या जागेवर आता कुणी बसलेलं असेल, असं त्याच्या मनातच नव्हतं.

"शालू," तिनं हाक मारली.

तो थांबला. मागे बघायला त्याला वेळ लागला. मग परत येऊन तो तिच्यासमोर मटकन खाली बसला, तिचं मनगट धरलं आणि नुसता दाबत राहिला. पलीकडून किसनराव धावत आले. कुणीतरी पाणी आणलं. ओळीतल्या एका म्हातारीनं त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत "चाल, सोजराचं आयुष्य वाढलं," असं म्हणून बघितलं, पण कुणी दाद दिली नाही.

"तार कोणं केली होती?" शालिग्रामनं विचारलं.

"म्याच," सोजराबाई म्हणाली. "तू भुईवर यावा म्हून."

 तो खाली बघत बोलू लागला. "तार आली तवा साहेबानं आभाळ पाह्यलं. मी म्हणलं, राहू द्या. थे म्हणले, आई एकदाच असते रे, निघू आपण. खाडीच्या तोंडाशी शीड फाटलं. इंजिनात पाणी गेलं. होडी खडकावर आपटून फुटली, माय, पार भुगा झाला. कोळ्याईनं दोर टाकून काढलं आमाले. साहेबाचा पाय गेला गुडघ्यातून. जयगडले वापस आणलं तवा तिथं दुसरी तार येऊन पडली होती."

"बरी हावो म्हून केली होती थे मी."

"हाव. पोस्टमास्तरानं वाचली आन् मान खाली घातली. आधी सिरियस, मंग ऑलराइट, येऊ नको. ऑलराइट तं लोकं धीर द्याले लिवतेतच. येऊ नको म्हंजे सारं उरकलं, असंच सगळ्याईले समजलं. मलेबी. तिथंच खाडीवर डोकं भादरलं." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "साहेब रत्नागिरीच्या दवाखान्यात हायेत. निंघाच्या आधी भेटाले गेलो, तं माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणले, तुझी शेवटची भेट माझ्यामुळं चुकली, मला होडी नीट नेता आली नाही, माफ कर."

सोजराबाईनं डोळे मिटून घेतले. पोरगं समोर होतं, जिवंत होतं, त्याचा हात तिच्या हातात ऊन लागत होता. जन्मभर जे मागितलं ते देवानं दिलं होतं. आणि तरी तिला मान वर करवेना. जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"घरी जा. कोकिळा वाट पाहून राह्यली. मंग मले त्या दवाखान्यात घेऊन चाल."

"माय, लय दूर हाय थे. आन् जाऊन काय सांगशीन त्याईले?"

"सांगीन, का मी जित्ती हावो, आन् तार माहीच होती. माफी त्याईनं मागतली, थे काई त्याईची नोती, माही होती."