भिंतीवरचा आजचा डाग

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांसारखा तेलकट डागांचा वैरी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात, थिनर आणि टर्पेंटाइनच्या पिंपांत त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त होताना पिंपं तिथेच राहिली, वास तेवढा मामांबरोबर घरी आला. जिन्यात टर्पेंटाइनचा दरवळ सुटला की मामा खाली उतरताहेत हे सोसायटीतली मांजरंसुद्धा ओळखत. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीत समई लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून देवांनाही स्वयंपाकघरात जाऊन राहावं लागलं होतं. बाहेरच्या फडताळात खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटल्यांतून रॉकेल, पांढरं पेट्रोल, टर्पेंटाइन, ॲसिटोन अशी मंडळी नांदत असत. मामींनी सरबत विचारलं की नवखा पाहुणा आधी त्या फडताळाकडे बघे आणि मग तहान नाही म्हणे.

डाग दिसला की लोक रॉकेल ओततात, या अडाणीपणाचा मामांना फार मनस्ताप होई. सायकलच्या चेनचं काळं ग्रीस आधी खोबरेल चोळून मऊ करायचं आणि मगच रॉकेल. रेशमी साडीला पांढऱ्या पेट्रोलखेरीज काही चालायचं नाही. फोडणीचं तेल नुकतंच उडालं असेल तर खडूची पूड दाबून ठेवली तरी पुरे. शेजारच्या बाईंनी एकदा, भावाने दुबईहून आणलेल्या चकचकीत स्कार्फवरच्या डागाला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावलं, तेव्हा डागाबरोबर तेवढा स्कार्फही विरघळला. मामांनी त्या भोकातून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाग गेलाय की. तक्रार काय आहे?"

बाटलीचं बूच उघडण्याआधी मात्र ते कापड नाकाशी धरून डोळे मिटत. कुठलं तेल, तळलेलं की कच्चं, आणि किती दिवसांचं, हे कळल्याशिवाय बोळा हातात घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. मग कापड उलटं करून, मागच्या बाजूने, कडेकडून आत येत बोळा टिपत जायचं. आमच्याशी शहरी मराठीत बोलणारे मामा त्या वेळी डागाशी मालवणीत बोलू लागत. "चल रे बाबा, ऊठ आता. खूप दिस बसलंस." आणि खरं सांगतो, डाग उठायचा.

या नाकापुढे कुणाची मात्रा चालत नसे. ऑफिसात उशीर झाला असं मी बायकोला सांगितलं होतं, तेव्हा मामांनी माझी बाही हुंगून जाहीर केलं, "रेशनचं पामतेल. पुन्हापुन्हा तळलेलं, कालच्या संध्याकाळचं. जुहूला वाळूत बसून खाल्लेलं दिसतंय." वाळू त्यांना कशी कळली हे मी आजतागायत विचारलेलं नाही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी वारलेल्या वडिलांचा कोट आणला, तो किस्सा मात्र हसण्यासारखा नव्हता. कोट कित्येक वर्षं ट्रंकेत होता. मामांनी कॉलर हुंगली आणि म्हणाले, "डोक्याचं तेल. परवाचं." गृहस्थ चिडले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई दारातून हळूच म्हणाली, "थंडी वाजत होती रे, म्हणून घातला." मे महिना चालू होता. मामांनी कोटाची घडी घातली आणि डाग न काढता तो म्हातारीच्या हाती परत दिला.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक डाग होता. मामी जास्वंदीची फुलं घालून कढवलेलं खोबरेल डोक्याला चपचपीत लावायच्या आणि बाहेरच्या खोलीत एका ठरलेल्या जागी, भिंतीला डोकं टेकून तांदूळ निवडायला बसायच्या. तिथे भिंतीवर गोल तेलकट डाग पडला होता. दर दिवाळीला मामा तो टर्पेंटाइनने साफ काढत, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत तो पुन्हा हजर होई. "तुम्ही काढा, मी बसते," असं मामी म्हणायच्या. मग एका पावसाळ्यात मामी तापाने गेल्या. त्या दिवाळीला मामांनी भिंतीला हात लावला नाही, आणि त्यानंतरही कधी लावला नाही.

मामांच्या मुलाचं लग्न ठरत आलं तेव्हा या डागाने डोकं वर काढलं. घराला नवा डिस्टेंपर लावला. आठवड्याच्या आत तेवढी जागा पुन्हा तेलकट दिसू लागली. पुन्हा हात मारला, पुन्हा डाग वर. मुलीची आई घर बघायला आली होती, ती भिंतीकडे बघून एकदम थांबली आणि कोण कधी वारलं याची चौकशी करून चहा अर्धा टाकून गेली. मुलगा वैतागला. "बाबा, अख्ख्या मुलुंडचे डाग काढता ना तुम्ही? मग हा काढा. नाहीतर मी प्लास्टर फोडतो. माझ्या लग्नाची वाट लागेल यार, अशाने."

मामांनी मला मदतीला बोलावलं. भर दुपार होती, मुलगा आत कपडे करत होता. मामा मामींच्या जागेसमोर मांडी घालून बसले, टर्पेंटाइनची बाटली जवळ घेतली आणि नेमाप्रमाणे भिंतीला नाक लावून डोळे मिटले. ते बराच वेळ तसेच होते. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"जावईबापू, ह्यो डाग आजचो आसा."

मी हसायचा प्रयत्न केला. मामी जाऊन वर्षं झाली होती.

"तुमची मामी आताच उठान गेली," मामा अगदी हळू म्हणाले. "वास घेवन बघा."

मी नाक नाही लावलं. बोट लावलं. भिंतीची जागा कोमट होती. दारं-खिडक्या उघड्या होत्या, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मामांनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, बोळा त्यात बुडवला आणि भिंत पुसू लागले. तेलाच्या डागाला साधं पाणी! मुलगा बाहेर आला तेव्हा ते घामाघूम होऊन घासत होते. "नाही रे निघत," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही व्हायचं." बाटल्यांतलं मुलाला कधीच काही कळलं नव्हतं, त्याचा विश्वास बसला. तो गेल्यावर मामा भिंतीशी वाकले. "बस गो," ते म्हणाले. "थंयच बस."

मामांच्याने घरचा डाग निघाला नाही ही बातमी सोसायटीभर झाली. लोक कपडे लाँड्रीत टाकू लागले. उभ्या जन्माची कीर्ती त्या तांब्याभर पाण्यात गेली, आणि त्यांनी एका अक्षराने खुलासा केला नाही. लग्न मात्र मोडलं नाही. मुलगी स्वतः येऊन भिंत बघून गेली आणि आईला म्हणाली, "अगं, आपल्याकडे आजोबांच्या खुर्चीमागे नाही का असाच? असू दे ना."

मामा जाऊनही आता बराच काळ झाला. मुलाने बाटल्या काढून टाकल्या, भिंतींना ऑइलपेंट दिला आणि देव बाहेरच्या खोलीत आणले. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो. दमलो होतो म्हणून खालीच बसलो आणि भिंतीला टेकणार, एवढ्यात सून म्हणाली, "भावोजी, तिथे डोकं नका टेकू हां. तेल लागतं."

ती चहा ठेवायला आत गेली. मी वळून त्या जागेवर बोट फिरवलं आणि या वेळी नाकाशी नेलं. मामांचं नाक मला नाही, डागाचं वय मला सांगता येत नाही. पण वास दोन होते. एक जास्वंदीच्या तेलाचा, आणि त्याला अगदी लागून दुसरा टर्पेंटाइनचा. मला भीती वाटली नाही. मामांची फार आठवण आली, आणि मी जरा बाजूला सरकून बसलो.