विहारातला काळा चौकोन

अन्याय आमच्या गल्लीतल्या आत्यावर झाला. वैशाख पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, वंदना आटोपल्यावर, हिंदी मुलखातल्या घमापुरातल्या आमच्या विहारात, सगळ्यांच्या देखत. नात्यानं ती माझी कुणी नाही. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रोज विहार झाडायचा, मूर्तीपुढची चांदीची वाटी आणि पितळी तबक पुसून ठेवायचं, एवढाच तिचा माणसांत येण्याचा रस्ता.

ती वाटी नाहीशी झाली होती.

विहारात कॅमेरे होते. पण ते बसवले तेव्हाच कमिटीला एक गोष्ट खटकली होती: माणसं बुद्धापुढे डोकं टेकवतात, ते काय टीव्हीवर बघायचं? म्हणून रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये मूर्तीच्या जागेवर काळा चौकोन टाकून घेतला. भावना चांगली होती. त्या चौकोनाआडचं काहीच रेकॉर्ड होत नाही, हे मात्र सगळे विसरले.

अध्यक्षकाकांनी ऑफिसातल्या टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं. आत्या फडकं घेऊन काळ्यात शिरते. दिसेनाशी होते. बाहेर येते, पदर कमरेला खोचलेला. एवढंच. उरलेलं लोकांनी आपल्या मनानं भरलं.

"कैमरा झूठ नहीं बोलता, बाई जी," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

आत्या टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पडदा तुम्ही टाकला. त्याच्यामागं काय झालं ते मले काहून विचारून राहिले?"

तिनं विहाराची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली.

वाटी पुढे सापडली. पौर्णिमेच्या पताका ठेवल्या होत्या त्या पेटीत, कमिटीच्याच कुलपात. चलो, मिल गई, म्हणत ती जागेवर ठेवली. आत्याला सांगायला एकही जण गेला नाही. मी बैठकीत जाब विचारला, तर म्हणाले, आता कशाला उकरून काढतेस, कळलंच असेल तिला. मी ऐकेना, तेव्हा रेकॉर्डरचं काम माझ्या गळ्यात घातलं. तू शिकलेली, तूच बघ. मग कुणी ऑफिसात फिरकलं नाही.

पहिलं काम, काळा चौकोन काढला. मग फाटकाच्या कॅमेऱ्याकडे वळले. तो हालचाल झाली की रेकॉर्ड करायचा, त्यामुळे गल्लीतली गाय गेली तरी सुरू व्हायचा. चित्रातला कुठला भाग हालचाल टिपण्यातून वगळावा ते ठरवायला मी जुनी रेकॉर्डिंगं बघत होते. गाय, सायकल, कुत्रं. आणि रोज उजाडताना आत्या. चप्पल काढते. फाटकाबाहेरूनच हात जोडते. पायरीवरचा पाला हातानं गोळा करते, पदरात घेते, निघून जाते. आत पाऊल टाकत नाही. या कॅमेऱ्याला आवाज नाही, तेव्हा ती काही बोलत असेल तर तेही कुणाला कळलेलं नाही.

डिस्क भरली की रेकॉर्डर सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं ठेवतो. ती येत होती आणि मागून पुसली जात होती. होती तेवढी रेकॉर्डिंगं मी लॉक केली. रिकाम्या विहारात तो पंख्यासारखा घरघरणारा डबा आणि मी. बाहेर जाऊन हे दाखवावं, असा माणूसच आठवेना.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. वाटी सापडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, अच्छा. चल म्हटलं, तर तिनं मान हलवली.

"तू काहून बोलावतं, पोरी? तू तर हसली नव्हती. जे हसले त्यांनी यावं."

विहारातल्या लोकहो, त्या दिवशी टीव्हीपुढे तुम्हीही उभे होतात. हसला नसाल, पण गप्प होतात. येत्या रविवारी वंदनेआधी तिच्या दारात जा. वाटी आमच्याच पेटीत होती, हे तिच्या तोंडावर सांगा. किल्ली तिच्या हातात द्या. आणि ती उठून तुमच्यासोबत निघेपर्यंत तिथून हलू नका.