बुधवारच्या अक्का

"आधी तुझं नाव सांग, बाई. मालकाचं मागनं बघू."

समोर आलेल्या प्रत्येक बाईला अक्का हे म्हणायच्या. म्हणताना चष्मा कपाळावर सरकवायच्या, जणू नाव कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकायचं होतं.

आमची बँक छोटी. संस्थानच्या काळात सराफांच्या गुजरीजवळच्या काही दुकानदारांनी एका माडीवर सुरू केलेली. बचत खाती, सोन्यावर कर्ज आणि घरी ठेवायला पत्र्याचा बचतीचा डबा, एवढाच पसारा. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढंमागं चेअरमननी ठरवलं की बुधवारी दुपारी फक्त बायकांचं काम करायचं. त्यासाठी अक्कांना नेमलं. सातवीची फायनल पास झालेली विधवा बाई, माहेर निपाणीचं, कानडीही फाडफाड बोलणारी. मी शेजारच्या टेबलावर कारकून होतो.

नाव विचारलं की बायका 'बंड्याची आई' सांगत, 'पाटलांची सून' सांगत. एकदा शाहूवाडीकडची एक बाई गोंधळून म्हणाली, "म्हायेरचं सांगू का सासरचं?"

"ज्या नावानं हाक मारल्यावर तू मान वळवतीस, ते सांग."

बाई विचारात पडली. "मला 'ए' म्हणत्यात की."

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत.

पैसे काढायला बाईबरोबर नवरा आला की अक्का त्याला बाहेर काढत. "पावणं, व्हरांड्यात बसा. बायकोला दोन सवाल हायत माझं." मग हळूच तिला विचारत, "स्वखुशीनं काढतीस न्हवं?" आमचे चेअरमन एकदा पत्नीला घेऊन आले, तर तेही मुकाट बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही बसला असता.

अक्कांना एकच मुलगी, पारू; आईला ती कानडीतलं 'अव्वा' म्हणायची. तिचं खातं अक्कांनीच उघडलेलं. शिरोळकडच्या एका ऊसवाल्या घरात पारूचं लग्न झालं, तेव्हा अक्कांनी आम्हाला पेढे दिले आणि प्रत्येकाला विचारलं, "जावई बघितलासा न्हवं? कसा हाय?" आम्ही छान म्हटलं की त्यांना आणखी एकदा ऐकायचं असे.

वर्षभरानं एका बुधवारी पारू नवऱ्याबरोबर आली. पदर पार कपाळाखाली ओढलेला. खात्यातलं सगळं काढायचं होतं. अक्का जावयाला काही बोलायच्या आत तो हसत म्हणाला, "मामी, आम्ही घरचीच माणसं की."

अक्का उठल्या. स्वतःची खुर्ची त्यांनी जावयापुढं सरकवली आणि उभ्या उभ्या काम सुरू केलं. पारूनं सही केली. अक्कांनी ती जुन्या सहीशी ताडून पाहिली.

"स्वखुशीनं काढतीस न्हवं?"

"व्हय, अव्वा."

जाताना त्यांनी दोघांना चहा पाजला.

ऊस तोडायला आला त्या सुमारास निरोप आला. पारू विहिरीवर पाय घसरून पडली, असं सासरचे म्हणाले. अक्का पोचल्या तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

दोन आठवड्यांनी त्या कामावर आल्या. आम्ही नको म्हणालो, तरी आल्या. त्याच दुपारी हुपरीची एक बाई पैसे काढायला आली. अक्कांनी विचारलं, ती 'व्हय' म्हणाली. अक्कांनी कागद पुढं घेतला, पण शिक्का मारला नाही. बाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अक्का, पोरगं दवाखान्यात हाय. द्या की."

"तू खरं सांगतीस, हे मी कशावरनं वळखू?"

"आवो, एकटीच आलोय मी. कुणी बी न्हाई संगं."

अक्कांचा हात हलेना. बाई रडायला लागली. शेवटी मॅनेजरांनी तो कागद हळूच उचलून माझ्याकडे दिला, आणि मी तिचं काम केलं. मान वर केली तेव्हा अक्का जिना उतरून गेल्या होत्या.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका वाट बघतील, पुढच्या बुधवारी या, असं काहीतरी मी बोललो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जगाचं नवरं भाईर बसवलं मी. आणि ह्याला खुर्ची दिली. एक घटकाभर पोरगी एकटी गावली असती, तर बोलली असती की रं."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघालो.

त्या निपाणीला भावाकडे गेल्याचं मला पुढं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. जाताना तिच्याकडे किल्ली देऊन म्हणाल्या होत्या, "खोलीचं भाडं मी तिकडनं पाठवीन. पारू आली तर उघडून दे तिला."