आटपाडीत तहानेनं मेलो त्याची गोष्ट

महाबळेश्वरातून निघताना वाऱ्यानं छत्री उलटी केली होती. वडूज ओलांडलं तेव्हा तीच छत्री बाळगायची लाज वाटायला लागली. शेजारी मामा घोरत होता, मांडीवर स्ट्रॉबेरी जॅमची बरणी. आटपाडीला मी मुलगी बघायला चाललो होतो. सारिकाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि, खरं सांगतो, ती मला फार म्हणजे फारच आवडली होती. एका खड्ड्यात एसटीनं असा गचका दिला की बरणी फुटली आणि सगळा जॅम मामाच्या पांढऱ्या विजारीवर.

सारिकाच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त सुभेदारांनी, विजारीकडे पाहिलंच नाही. माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम पेज) पाजलं आणि मला थेट कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"पोह्याच्या बशीफुडं समदीच गरीब गाय असत्यात. गेम खेळताना माणूस कळतो."

सारिका हसत होती. विलायती रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे कॉम्प्युटर गेम, हे तिचं वेड. शेजारी बसून बघता बघता सुभेदारही बिघडले होते. मला वाटायचं, असल्या गेममध्ये एक तलवार, एक ड्रॅगन, संपलं. छे! पहिल्या गेममध्ये ते होतेच, पण मारामारी सारीपाटासारखी आळीपाळीनं. दुसरीत अंतराळयान, तिथं परग्रहावरच्या हिरव्या बाईशी गोड बोलायचं. मामा खुर्ची पुढं ओढून बसला. तिसरीतल्या गुप्तहेराकडं हत्यारच नाही, नुसती जीभ. चौथीत अणुबॉम्बनंतरचं वाळवंट.

"ही आपल्याकडची," सुभेदार अभिमानानं म्हणाले.

वाळवंटात एक म्हातारी भेटली, सोबत गाढव. तिनं पाणी मागितलं. माझ्याकडं एकच बाटली. मी बेधडक 'नाही' दाबलं आणि पुढं निघालो. काय करणार, आमच्या महाबळेश्वरात पाणी मागणारा माणूस मी पाहिलेलाच नाही. पाऊस थांबव रे देवा म्हणणारे तेवढे पाहिलेत.

सुभेदार उठले.

"मामासाब, परतीची एसटी कवा हाय?"

मी घाईघाईनं माउस पकडला. "थांबा, थांबा! जुना सेव्ह उघडतो, म्हातारी भेटायच्या आधीपासून परत खेळतो!"

"आवं पाव्हणं, हितं कुणाला पाण्याला न्हाई म्हणलं, तर ते पुसता येत न्हाई."

सारिका आता हसत नव्हती. मग मी माझा नायक चालतच मागं नेला. सगळं वाळवंट तुडवून म्हातारीला शोधलं, बाटली दिली. आणि दहा पावलांवर माझा नायक तहानेनं आडवा झाला. मामा हळहळला.

सुभेदार पडद्याजवळ वाकले. "मेला गड्या. पर पाणी देऊन मेला." मग आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, "पोहं आणा रं!"

परतताना साताऱ्याला छत्री पुन्हा उघडावी लागली. इतक्या दुनिया हिंडलो, पण जीव अडकला तो त्या वाळवंटातच. तेवढ्यात सारिकाचा मेसेज आला.

"माझ्याकडून होकार. एक आधीच सांगते. मी त्या म्हातारीला पाणी दिलं नव्हतंच, वर तिचं गाढवही पळवलं होतं. बाबांना सांगू नका."