आपला तास

मी घाबरट आहे, हे माझ्या सासरी लग्नाच्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं. माझं माहेर अंबाडी गावाच्या पुढे, भाताच्या खाचरांमध्ये. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पावसाळ्यात बांधावरून वाहणारं, फार तर गुडघ्याएवढं. सासर भिवंडीजवळ, खाडीच्या काठावर. दुपारी मागच्या दारासमोर चिखल असायचा आणि चार वाजता चहाचा कप घेऊन बाहेर यावं तर चिखलाच्या जागी पाणी. आवाज नाही, काही नाही, आपलं आलेलं. पहिल्यांदा ते बघून मी कप तिथेच टाकून आत पळाले होते. त्या कपाची गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अजून सांगतात.

सांगतात कोण, तर सासरे. गोदामं व्हायच्या आधी त्यांनी खाडीत मासे मारलेत, चिखलात हात घालून खेकडे काढलेत. मला चिडवायचा त्यांना कंटाळा म्हणून नाही. पण भरतीचं गणितही मला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "भीती वाटतंय ना? मंग हिशोब शिक. पानी कवा येनार ते म्हायत असलं का भ्यायचं काय काम न्हाय."

हिशोब सोपा होता. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात एक तास मिळवायचा. या मिळवायच्या तासाला ते 'आपला तास' म्हणत. म्हणजे चार. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. मी रोज कॅलेंडरवर तिथी बघून मागच्या दारात उभी राहायचे आणि पाणी अगदी वेळेवर यायचं. माझ्या नवऱ्याला हे गणित येत नाही. त्याचं सगळं आयुष्य दापोड्याच्या गोदामांत, ट्रक भरण्या-उतरवण्यात गेलंय. घरात मी सोडून कुणीच शिकलं नाही, याचा मला मनातून फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत नवऱ्याने तळकोकणात जायचं काढलं. हॉटेलात नाही, समुद्रकाठी तंबूत. पक्कं घर सोडून माणसाने कापडात का झोपावं, हे मला आजही कळलेलं नाही. पण लेक सात वर्षांची, ती तंबू म्हटल्यावर नाचायलाच लागली. सासरेही गुडघे दुखत असताना निघाले. "खाडी लय बघितली, आता दर्या बगू," म्हणाले. त्या भागात आमच्यापैकी कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पहिला दिवस मी नेहमीसारखा घाबरण्यात काढला. घाटातल्या वळणांना घाबरले. दीपगृहाच्या गोल जिन्यात अर्ध्यावर बसून राहिले. नारळाच्या झाडाखालून चालताना डोक्यावर पर्स धरली. लेक आणि तिचे आजोबा एकमेकांना कोपरं मारून हसत होते. तंबू सुरूच्या बनात होते. समोर वाळू आणि मग समुद्र, त्याला पलीकडचा काठच नव्हता. खाडीला निदान समोर दुसरं गाव असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा समुद्र खूप आत गेला होता. काठापासून बऱ्याच अंतरावर काळे खडक उघडे पडले होते आणि तिथपर्यंत वाळूची एक तिरकी पट्टी वर आली होती. लेक म्हणाली, "आई, तिकडे शंख असतील. जाऊया ना!"

एरवी मी नाहीच म्हटलं असतं. पण त्या दिवशी वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, आणि आपला तास धरून अडीच. अडीचला भरती, म्हणजे सुकती साडेआठला. घड्याळात आठ वाजले होते. पाणी अजून अर्धा तास आतच जाणार, मग पुढे दीडेक तास तरी काळजी नाही. दहाच्या आत परत यायचं. मी हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय वाळूत घालून बसले होते. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. जा."

नवरा तंबूत घोरत होता. तंबूवाला बाजारात गेला होता. मोबाईलला रेंज नव्हती. पण खरं सांगायचं तर मला कुणाला विचारायचंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याकडे न घाबरता चालले होते आणि ते मला मिरवायचं होतं. पट्टीच्या मध्यावर आमच्या चपला काढून ठेवल्या, कारण ओल्या वाळूत त्या रुतत होत्या. खडकांवर पोचलो. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने माझ्या तळव्याला चीर पडली, तरी मी खूश होते. लेकीने फ्रॉकची झोळी करून त्यात शंख भरायला सुरुवात केली.

सव्वानऊच्या सुमाराला खडकाच्या फटीतून एक चप्पल तरंगत आली. छोटी, गुलाबी, फुलाची.

ती ओळखायला मला जरा वेळ लागला. मग मी मान वर केली. पट्टीचा मधला भाग नव्हताच. काठाकडचं टोक दिसत होतं, आमच्याकडचं दिसत होतं, आणि मधे दोन्ही बाजूंनी आलेलं पाणी एकमेकांत मिसळत होतं. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा गणित केलं, पुन्हा अडीचच आलं. त्या क्षणी मी किती घाबरले ते सांगता येत नाही. चहाचा कप टाकून पळाले ती भीती नव्हतीच, तो पोरखेळ होता. मला पोहता येत नाही. लेकीलाही येत नाही, कारण तिला पोहायला मीच कधी पाठवलं नव्हतं, भीतीपोटी.

"आई, तू घाबरलीस?"

"नाही गं," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि परत शंख मोजायला लागली.

तेवढ्यात काठावरून हाक आली. सासरे खुर्चीतून उठून पाण्यात शिरले होते. लुंगी वर खोचलेली, हातात काठी. घरी दोन पायऱ्या उतरायच्या तर ज्यांना कठडा लागतो, ते काठीने समोरची वाळू चाचपत तिरके येत होते. पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. पट्टीच्या मध्यावर येऊन थांबले आणि ओरडले, "तितं थांबू नको! पानी वाढतंय! पोरीला घे आन् सरळ माज्याकडं ये. पान्याकडं बगू नको, माज्याकडं बग!"

मी लेकीला खांद्यावर घेतलं. शंख टाक म्हटलं तर टाकेना, त्यावर वाद घालायला वेळ नव्हता. पाण्यात उतरले. ते थंड होतं आणि ओढत होतं, एका बाजूने, न थांबता. पायाखालची वाळू प्रत्येक पावलाला निसटत होती. मी सासऱ्यांच्या डोक्याच्या टकलाकडे बघत चालले. देवाचं नावही आठवत नव्हतं. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, की मी पडले तर ही पडेल. पाणी छातीला लागलं तेव्हा एक लाट आली, माझा डावा पाय गेला आणि मी एका बाजूला कलले. लेक माझे केस धरून किंचाळली. सासऱ्यांनी काठी सोडली आणि हात पुढे केला. मी त्यांचा हात कोपराखाली इतका घट्ट पकडला की काठावर पोचेपर्यंत सोडलाच नाही.

पाणी गुडघ्याशी आलं तेव्हा नवरा आणि बाजारातून परतलेला तंबूवाला टायरची ट्यूब घेऊन धावत आले. नवऱ्याने लेकीला उचललं. तंबूवाला एवढंच म्हणाला, "माका विचारूचा नाय?"

मग मात्र माझा तोल गेला. ओरडायला लागले. सासऱ्यांशी मी आयुष्यात कधी वर मान करून बोलले नव्हते, त्यांना म्हणाले, "तुम्ही बरोबर हाय म्हणालात! मोजून म्हणालात!"

"म्हनलो," ते म्हणाले. वाळूत पाय पसरून बसले होते, गुडघे दोन्ही हातांनी दाबत. मग हळू आवाजात म्हणाले, "तास आपल्या खाडीचा व्हता, पोरी. दर्याचं पानी वळनं घेत घेत आपल्या गावात पोचायला तास लागतो. म्हनून तो मिळवायचा. हितं कुठनं यायचंय त्याला? हितंच तर ऱ्हातंय ते. खुर्चीत बसलो व्हतो, पानी फिरलेलं दिसलं, तवा ध्यानात आलं."

दीडला भरती होती. सुकती साडेसातलाच होऊन गेली होती. मी पाण्याकडे निघाले तेव्हा पाणीही माझ्याकडे निघालेलं होतं. पन्नास वर्षं खाडीत काढलेल्या माणसाला तो तास कुणाचा हे आठवलं नाही, आणि मला तर कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही त्याला आपला म्हणत आलो, तो खरोखरच फक्त आपल्या गावचा होता.

त्याच दुपारी आम्ही तंबू सोडला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही नणंदा आल्या. लेकीने फरशीवर शंख मांडले आणि सगळी हकीगत सांगायला बसली. चप्पल कशी आली, आजोबा कसे आले, लाट केवढी होती. शेवटी म्हणाली, "पण आई अजिबात घाबरली नाही. मी विचारलं होतं तिला. म्हणून मी पण नाही घाबरले."

नणंदांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी तर तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "तुझी आई? आणि घाबरली नाही?" ती म्हणाली आणि सासऱ्यांकडे वळली, "काय बाबा, खरं काय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता कपाची गोष्ट निघणार, हे मी धरूनच चालले होते. लेक आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. सासरे बनियनवर कॉटवर बसले होते, त्यांच्या उजव्या हातावर कोपराखाली माझ्या चार नखांच्या खुणा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या हातावर टाकला.

"न्हाय," ते म्हणाले. "जराबी न्हाय."