केळ्यांचा कठडा

नीमोलच्या तोंडात सामोनमामांचं नाव यायचं ते हात जोडूनच. नवरा गेला त्या वर्षी शेत पुरात बुडालं होतं. प्रे वेंगच्या खेड्यातून तिला आणि धाकट्या बहिणीला, कुन्थियाला, राजधानीत, नॉम पेन्हला आणलं ते मामांनीच. ते मुकादम होते. त्यांच्या शब्दावर दोघींना काम मिळालं आणि कामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत एक खोलीही. अकरा वर्षं झाली, चूल एकदाही विझली नाही.

म्हणूनच तिला बोलता येत नव्हतं.

नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसाठी चौकोनी पोकळी सोडलेली होती. कडेला काहीच नाही. कुन्थिया दिवसभर सिमेंटचा माल भरलेल्या बादल्यांची कावड घेऊन तिथूनच वळायची. वळताना मागची बादली पोकळीवरून झुलायची आणि खाली विटा मोजणाऱ्या नीमोलचा आकडा चुकायचा. आईमागे तिनंच वाढवलेली ही पोर.

एकदा धीर करून तिनं मामांना सांगितलं होतं. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "तीस वर्षं इमारती बांधतोय मी. आता तू मला शिकवणार? देवानं डोळे कशाला दिलेत?" ती मान खाली घालून परतली. ज्यानं जेवायला घातलं त्याचीच चूक काढली, हे तिलाच खात राहिलं.

मग एका दुपारी कामगार संघटनेची थीदा आली. जेवण झाल्यावर तिनं सगळ्यांना सावलीत बसवलं आणि चित्रांचे कागद वाटले, कारण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "चार-चारजण मिळून कामावर फिरा. आधी इथं काय चांगलं आहे ते शोधा. मग त्यातलं काय आणखी कुठं करता येईल ते सांगा, इथल्याच सामानात. कुणाचं नाव घेऊन चूक काढायची नाही."

"म्हणजे मुकादमाला शिव्या द्यायच्या नाहीत? मग मी झोपतो," म्हातारा गवंडी यिम म्हणाला. सगळे हसले. मामा हसले नाहीत.

फिरता फिरता नीमोल फाटकाजवळच्या छोट्या देवळापाशी थांबली. ते जागेच्या देवतेचं. रोज सकाळी ती तिथं उदबत्ती लावायची. नैवेद्याची केळी कुत्री पळवायची, म्हणून मामांनी उरलेल्या बांबूंचा कठडा स्वतः बांधला होता. कमरेएवढा, दोन आडवे बांबू, तारेचे पक्के पीळ. ती बघत राहिली. मनात देवतेला म्हणाली, तूच सुचवलंस.

गट परत बसले. कुणी पाण्याचा माठ सावलीत आहे म्हणालं, कुणी जिना झाडलेला आहे म्हणालं. मग नीमोलची पाळी आली.

"देवाजवळचा कठडा चांगला आहे. मामांनी बांधलाय. कुत्रं अंग घासतं तरी हलत नाही." मामांची मान जराशी वर झाली. तिनं श्वास घेतला. "असाच एक वर, लिफ्टच्या पोकळीला हवा. पण मामांच्याच हातचा. आम्हाला एवढा पक्का पीळ जमत नाही."

 मग यिम म्हणाला, "खरंच की! आपल्यापेक्षा केळ्यांची काळजी जास्त!"

नीमोलला वाटलं, संपलं सगळं.  मामा उठले आणि यिमवरच ओरडले, "दात काय काढतोस? बांबू आण!"

संध्याकाळपर्यंत कठडा उभा राहिला. नीमोलनं बांबू धरले, मामांनी पीळ घातले. शेवटी मामांनी स्वतः सगळा भार टाकून पाहिला. एक कोपरा हलला. तो सोडून त्यांनी परत बांधला.

नवव्या दिवशी ओल्या मालावरून कुन्थियाचा पाय सरकला. ती कठड्यावर आदळली आणि तिथंच अडकली. एक बादली तेवढी सुटली आणि तीन मजले खाली जाऊन फुटली. तो आवाज ऐकून नीमोल जिना कशी चढली ते तिला आजही आठवत नाही. कुन्थिया कठड्याला घट्ट धरून बसली होती.

"ताई, बादली गेली गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मामा धापा टाकत आले. खाली डोकावले. फुटलेल्या बादलीकडे बघताना त्यांचा हात बांबूवरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीमोल कमळाच्या कळ्या घेऊन देवळाशी गेली, तर मामा आधीच तिथं उदबत्ती लावत होते. जवळ केळ्यांच्या दोन फण्या. एक त्यांनी देवापुढं ठेवली, दुसरी तिच्या हातात दिली.

"मामा, मला कशाला? तुमचेच उपकार..."

"घे गं. बहिणीला दे." ते उठले, गुडघे झटकले आणि इमारतीकडे बघत म्हणाले, "चल माझ्याबरोबर एक चक्कर. आणखी काय काय चांगलं आहे ते सांग."

तिनं आधी देवाला हात जोडले, मग मामांना. आणि कळ्या तिथं ठेवून त्यांच्यामागून जिना चढू लागली.