सतरंजी कोरडी होती का?

आईच्या दहाव्याला बाबांनी भटजींच्या दोन चुका काढल्या. एक उच्चाराची आणि एक पळी चुकीच्या हातात धरल्याची. मी मागे ओल्या पायरीवर उभी होते, रडून रडून डोळे सुजलेले, आणि क्रिया करायला बसलेले माझे वडील क्रिया सांगणाऱ्या भटजींनाच शिकवत होते. आईचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी ते गोत्रासकट एका दमात सांगितलं. डोळ्यांत टिपूस नाही. घरी येताना रिक्षात म्हणाले, "चला, सगळं वेळेत झालं."

मी त्याच रिक्षात ठरवून टाकलं की हा धर्म काही आपला नव्हे.

बाबा रामकुंडावर उपाध्ये आहेत. चाळीसेक वर्षं गोदेच्या काठी बसून त्यांनी लोकांची श्राद्धं केली आहेत. पितरांचं काही करायचं तर जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यावं लागतं, त्याला अपसव्य म्हणतात, आणि यजमान तिथे हटकून चुकतात. मग बाबा आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी गुजरातीत ओरडतात. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नाच्या फंदात पडले नाही. ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करते. विमानाचा सुटा भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसला तर परत पाठवायचा, हे माझं काम. परत पाठवायला मला मनापासून आवडतं.

तर मला असा धर्म हवा होता ज्यात बायको गेल्यावर नवरा रडतो. माझी एवढीच अट होती.

सुरुवात बुद्धविहारापासून केली, कारण कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसणारी मैत्रीण दर रविवारी जायची. वंदना झाली, मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी लक्ष दिलं आणि गाढ झोपले. घोरलेही म्हणे. एका मावशींनी हलवून जागं केलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "झोप राहिली असेल गं बाई." त्या वाक्यावर मला रडू आलं, कारण आई गेल्यापासून माझी झोप खरंच राहिली होती.

घरी आल्यावर मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की विहारात गेले होते. चांगला कडाक्याचा वाद होईल म्हणून मी तयारीतच होते. बाबा धोतर पिळत होते.

"बसायला काय असतं तिथं?"

"सतरंजी."

"कोरडी होती का?"

"हो."

"नशीबवान आहेत," म्हणाले आणि धोतर वाळत घालायला गेले.

माझा संतापाने तिळपापड झाला. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. तिथे पेटी-तबल्यावर मराठी भजनं चालली होती आणि मी नेमकी एका आजींच्या बरीच वर्षं ठरलेल्या जागेवर जाऊन बसले. आजी शेजारी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग अख्खी रांग एकेक जागा सरकली. प्रार्थना चालू असताना पुढच्या बाकावरचे एक आजोबा सारखे डोळे पुसत होते. मला वाटलं, सापडला. बाहेर आल्यावर कळलं की त्यांचं आदल्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाबांना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. त्यांना फक्त प्रवचन किती वेळ चालतं ते हवं होतं. मी अर्धा तास म्हटलं. मधे कोणी उठून जातं का? नाही. कोणी बसची वेळ विचारतं का? नाही. "अख्खा अर्धा तास," बाबा स्वतःशीच म्हणाले. त्यांना इतका हेवा वाटलेला मी कधी पाहिला नव्हता.

गुरुद्वारात मला पोळ्या लाटायला बसवलं. माझी तिसरी पोळी पाहून तिथल्या बाईंनी प्रेमाने मला मटार सोलायला पाठवलं. बाबांचा प्रश्न होता, उष्टी कोण काढतं? मी म्हटलं, सगळे मिळून, डॉक्टर असो नाहीतर हमाल. दुसऱ्या दिवसापासून बाबा आपलं ताट आपण विसळायला लागले. आईला उभ्या संसारात जे जमलं नाही ते एका प्रश्नोत्तरात झालं. मला तर आणखीच राग आला. तिच्या हयातीत का नाही सुचलं?

मग जुन्या नाशकात राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याच्या अम्मींकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शिरखुर्मा खाऊ घातला आणि म्हणाल्या, "पैले सुबह पाच बजे उठके बता. फिर आगे का देखेंगे."

मी हट्टाला पेटले. पाचचा अलार्म लावला. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात गेले तर बाबा आंघोळ उरकून चहा करत होते. चारला उठण्याची त्यांची जुनी सवय. चहा करण्याची मात्र नवी, कारण तो नेहमी आई करायची. त्यांनी काही न विचारता आधण वाढवलं. चहा पाकासारखा गोड होता. दोघं समोरासमोर बसून तो प्यायलो. असे सहा दिवस गेले. मी अम्मींना दाखवायला उठत होते, निदान माझी तशी समजूत होती.

सातव्या दिवशी बाबा कपाकडे बघत म्हणाले, "वर्षश्राद्धाला असशील ना? की तोवर तिकडची झालेली असशील?"

मला खरं तर म्हणायचं होतं की असेन, कुठूनही येईन. पण मी घुश्शातच होते. "बघू," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कप विसळून ठेवला.

वर्षश्राद्ध घरीच होतं. दहाव्याचेच भटजी आले होते, बिचारे पुन्हा पुन्हा पोथी चाळून पक्की तयारी करून. बाबा पाटावर बसले. मी दारात उभी राहिले. असणार तर होतेच. भटजी म्हणाले, "अपसव्य." बाबा हलले नाहीत. जानवं डाव्या खांद्यावर तसंच. मला वाटलं, भटजींची परीक्षा घेत असतील. भटजींनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. बाबांना कोण सांगणार?

"बाबा," मी म्हटलं, "अपसव्य."

त्यांनी दचकून जानवं फिरवलं. ते उपरण्यात अडकलं, मग बोटांत अडकलं. भटजींनी नाव विचारलं. बाबांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आयुष्यभर त्यांनी आईला "अगं" म्हणूनच हाक मारली होती. दहाव्याला जे नाव घडघड म्हटलं, ते आता त्यांच्या ओठांवर येईना. ओंजळीतलं पाणी बोटांतून ताम्हनात गळत होतं. माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तू सांग."

मी आईचं नाव सांगितलं. पूर्ण, मोठ्याने. बाबांनी माझ्यामागून अर्धं म्हटलं आणि थांबले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओंजळीत पडला. भटजी पोथीत डोकं घालून बसले. मी वर्षभर या माणसावर खार खाऊन होते, आणि तो वर्षभर तिचं नाव गिळून बसला होता. मला स्वतःची लाज वाटली. मी पुढे होऊन त्यांच्या ओंजळीत पुन्हा पळीभर पाणी घातलं आणि नाव पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्यांनी ते पूर्ण म्हटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा मोरीवर आपलं ताट विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "मग? कोणता पटला?"

"अजून बघतेय."

"बघ की, घाई नाही." ताट पुसून त्यांनी फळीवर लावलं. "फक्त सकाळी पाचला उठत जा. एकट्याला चहा जात नाही."